सढळ हात, आखडता हात

परमेश्वर जोड्या जुळवताना एक गंमत हमखास करतो. एकाचा हात सढळ ठेवतो, दुसऱ्याचा आखडता. दोघेही उधळे निघाले तर घर बुडेल, दोघेही चिक्कू निघाले तर दारात पाहुणा फिरकायचा नाही!

आमच्याकडे सढळ हात यांचा. पगार झाला की येताना पेढे, पुस्तकं आणि जेवायला दोन मित्र. मी शाळेत शिक्षिका आणि घरात खजिनदार. पोस्टातलं रिकरिंग, भिशी, वाण्याची वही सगळं माझ्याकडे. सासरी यांना 'दिलदार' म्हणत, मला 'कवडीचुंबक'. दिलदारांच्या घरी महिनाअखेर कशी निघते, हे कुणी विचारलं नाही. असो.

मध्यंतरी भाच्याने एक इंग्रजी पुस्तक दिलं. रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्की, त्यांच्या पत्नी ॲना यांच्या आठवणी. शब्दकोश शेजारी घेऊन महिनाभर वाचलं. १८६६ साली, विशीतली ही मुलगी लघुलेखिका म्हणून त्यांच्याकडे कामाला गेली. ते चव्वेचाळीसचे, गळ्यापर्यंत कर्जात. ठरल्या तारखेला कादंबरी दिली नाही तर नऊ वर्षं त्यांचं लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. दोघांनी २६ दिवसांत कादंबरी पुरी केली. विषय काय, तर जुगार! पुढच्या फेब्रुवारीत लग्न झालं.

सावकारांचा तगादा चुकवायला दोघं परदेशी गेली, तर तिथे नवरा रुलेटच्या टेबलावर. तिची कर्णफुलं, ब्रोच, लग्नाच्या अंगठ्यासुद्धा गहाण पडल्या. हरून आला की तिच्या पायाशी बसून रडायचा आणि उरलेसुरले पैसे घेऊन परत जायचा. मी तिच्या जागी असते तर माहेरची गाडी पकडली असती!

१८७१ च्या वसंतात तो अगदी खचला होता, लेखन पुढे सरकेना. तेव्हा या काटकसरी बाईने घरातल्या तीनशे थालरपैकी शंभर काढले आणि आपण होऊन सांगितलं, जाऊन खेळून या. तो गेला, हरला आणि त्यानंतर आयुष्यात पुन्हा खेळला नाही. मायदेशी परतल्यावर सावकारांशी बोलणी तिनेच केली. १८७३ पासून त्याची पुस्तकं ती घरूनच छापू-विकू लागली. तो १८८१ मध्ये गेला, त्याच्या आधी वर्षभर कर्ज फिटलं होतं. 'ब्रदर्स करामाझोव्ह' त्याने तिलाच अर्पण केली आहे.

ते शंभर थालर वाचताना मला आमची पेटी आठवली. १९८७ साली मी हजार रुपयांची इंदिरा विकास पत्रं घेतली होती, पाच वर्षांत दुप्पट होणारी. पैसे गळक्या छपरासाठी राखलेले. १९९२ मध्ये यांचे थोरले भाऊ गेले आणि हे गप्पच झाले. मित्र नाहीत, पेढे नाहीत. पगाराचं पाकीट जसंच्या तसं माझ्या हातात. खर्च इतका बेताचा कधीच नव्हता, पण मला त्या घरात करमेना. पत्रांची मुदत भरली तशी दोन हजार यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, "अहो, दोघं भाऊ गायला बसायचात ना? पेटी घेऊन या."

"अगं, पण छपराचं काय?" हा प्रश्न यांनी विचारावा!

संध्याकाळी पेटी आली. मागोमाग दोन मित्र जेवायला. मी पिठलं टाकलं. पुढचा पावसाळा बादल्या लावून काढला.

राखलेलं असलं तरच वेळेला असं देता येतं, एवढंच मला कळलं. कवडीचुंबक म्हणणाऱ्यांना ते सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिलं.

यांची ऐंशी उलटली आहे. आता मोबाईलवरूनच पैसे जातात, घरी मात्र मला कळायच्या आधी खोकी येतात. तुमच्याकडे सढळ हात कुणाचा? जरूर कळवा.