पांच तारांचा धडा

घरांतील एखादें यंत्र मुलानें उघडलें म्हणजे पालकांच्या मुद्रेवर आधीं काळजी उमटते व मागाहून राग. यंत्रास पैसे पडलेले असतात, तेव्हां हें स्वाभाविकच आहे. परंतु मोडण्यासाठीं उघडणें निराळें आणि जाणण्यासाठीं उघडणें निराळें. हा भेद गेल्या पावसाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस प्रत्यक्ष दाखविला.

आमच्या वर्गांत पाथरीकडील एका शेतकऱ्याचा मुलगा आहे. कडबा कापण्याच्या यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताचीं तीन बोटें गेलीं. वसतिगृहांत टीव्हीला जोडावयाचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं जपानांत काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या धर्तीवर केलेले असे खेळ १९९० नंतर ‘लिटल मास्टर’ वगैरे नांवांनीं आपल्याकडे विकले जात. त्याचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून चालवावा लागतो. इतर मुलें खेळत आणि हा मुलगा गुण मांडीत बसे.

एका माजी विद्यार्थ्यानें परदेशांतून एक मोठा कंट्रोलर पाठविला. तो मेजावर ठेवून चालवावयाचा. दांडा डाव्या हातीं, आणि बटणें एवढीं मोठीं कीं तीं तळहातानेंही दाबावीं. परंतु तो १९९० सालच्या सुपर फॅमिकॉमच्या घराण्यांतला. त्याचा प्लग आमच्या यंत्रांत बसेना.

तेवढ्यांत कोणा मुलानें भंगारांतून सेगा कंपनीच्या यंत्राचा नऊ छिद्रांचा प्लग आणला. तो आमच्या यंत्रांत चपखल बसला! मुलें हर्षभरित झालीं. आम्हीं मात्र वीज सुरूं करूं दिली नाहीं. १९७७ च्या अटारीपासून हा नऊ टोकांचा आकार पुष्कळ कारखानदारांनीं उचलला, पण कोणत्या टोकास कोणतें काम द्यावें हें ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें ठरविलें. तोंड सारखें असलें तरी बोली वेगळी. आणि वीज भलत्या तारेंत गेली तर यंत्र जळावयाचें.

उलट, परदेशाहून आलेल्या कंट्रोलरचें तोंड वेगळें, पण बोली आमच्याच यंत्राची होती. ही बोली हजेरीसारखी आहे. पांच तारांपैकीं दोन विजेच्या. तिसरीवरून यंत्र हुकूम सोडतें, “सर्व बटणांनीं आपापली स्थिति पक्की धरावी!” मग चौथ्या तारेवर ठोके पडतात, आणि दर ठोक्यास एकेक बटण पांचव्या तारेवरून आपलें उत्तर देतें. जुन्या यंत्रास आठ बटणें, नव्यास बारा. परंतु पहिल्या आठांचा अनुक्रम जुळतो. जुनें यंत्र आठांची हजेरी घेऊन थांबतें. उरलेल्या चौघांस तें विचारीतच नाहीं.

हें उमगल्यावर काम सोपें झालें. आपल्याकडे गमतीनें म्हणतात, “बनी तो बनी, नहीं तो परभणी.” पण तारेच्या कामांत ही म्हण चालत नाहीं. तारांच्या रंगांवर विश्वास न ठेवितां मुलांनीं प्रत्येक तार मल्टिमीटरनें तपासली, कागदावर आकृति काढली, मगच मोडक्या कंट्रोलरचा प्लग कापून त्याच्या तारा नव्यास जोडल्या. पहिल्या सायंकाळीं कांहींच हाललें नाहीं. एक डाख कच्चा राहिला होता. दुसऱ्या दिवशीं पडद्यावरचा गडी उडी मारूं लागला.

तो मुलगा पहिला डाव मिनिटभरांत हरला, आणि त्यानें लगेच दुसरी पाळी मागितली. त्या दिवशीं गुण मांडावयास दुसऱ्या कोणास बसावें लागलें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१८ सालीं अपंगांसाठीं मुद्दाम एक कंट्रोलर काढला. त्यास मोठीं बटणें असून ज्याच्या त्याच्या सोयीचीं इतर बटणें जोडण्यास जागा आहे. सर्वांचे हात एका सांच्याचे नसतात, ही गोष्ट मोठ्या कारखान्यांसही विचारांत घ्यावी लागली.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं घरांतील एखादी जुनी, बंद पडलेली वस्तु मुलांच्या हातीं द्यावी. मात्र ती विजेपासून अलग करून आणि जाणत्या माणसाच्या देखत. टीव्ही मुलांस कदापि उघडूं देऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, एखादी वस्तु दुसरीस बसते एवढ्यावरून ती चालेल असें मानूं नका, व बसत नाहीं एवढ्यावरून ती टाकूनही देऊं नका. तारेंतून काय बोललें जातें तें आधीं पाहा.