भंगारातला राउटर

मागच्या शनिवारी वर्ध्याला घरी गेलो, तर एकदाचं फायबर आलेलं! त्याआधी २०१३ पासून आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. माझे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे सगळे फॉर्म त्यावरच भरले, त्यामुळे त्या राउटरवर माझा जरा जीव. फायबर जोडणाऱ्या मुलाने मात्र सांगून टाकलेलं, "याचा आता काही उपयोग नाही." बाबांनी लगेच तो भंगारच्या पोत्यात टाकला. मी बाहेर काढला तर म्हणाले, "कायले सांभाळून राहिला ते डबडं?"

कारण होतं. नवा डबा समोरच्या खोलीत, घर जुनं, भिंती हातभर जाड. स्वयंपाकघरात सिग्नल शून्य. ताईचा व्हिडिओ कॉल आला की नात बघायला आई फोन घेऊन अंगणात. आणि मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन!

आता थोडं तांत्रिक. या एका डब्यात चार यंत्रं असतात: मोडेम, राउटर, चार पोर्टांचा स्विच आणि वायफाय. फायबर आल्यावर निकामी होतो तो फक्त मोडेम. मग बाकीचं का फेकायचं?

उत्साहाच्या भरात मी नव्या डब्यातून केबल ओढली आणि सरळ जुन्याला जोडली. (चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय म्हणे!) दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, आणि दोघंही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायला लागले. घरभर नेट बंद. वाजले होते अकरा, आणि बाबा माझंच रविवारचं तत्काळ तिकीट काढत होते. नेट परत येईपर्यंत वेटिंग! बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग शहाण्यासारखं केलं. केबल काढली, लॅपटॉप फक्त जुन्या राउटरला जोडला. आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२५० केला (नवा डबा जे पत्ते वाटतो त्यातला नको), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन केलं आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. हे आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, बसा मग हातानं आकडे भरत. वायफायला डब्ल्यूपीए२, अ‍ॅडमिनचा पासवर्ड नवा, चॅनल ११, कारण नवा डबा १ वर होता. मग नव्याच्या लॅन पोर्टातून जुन्याच्या लॅन पोर्टात केबल. टेलिफोनच्या तारेचं भोक रिकामंच.

वेग? जुन्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, वायफाय २.४ गीगाहर्ट्झचं. म्हणजे फायबरचा सगळा वेग मागच्या खोलीत मिळायचा नाही. पण व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात हो.

रविवारी संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, पलीकडून भाची काहीतरी गाणं म्हणत होती. बाबा म्हणाले, "ट्रॅव्हल्स आठला आहे, निघ आता."