लाल नदीच्या काठी दहा दिवस

'अभ्याससहल' हा शब्द ज्याने बनवला तो गृहस्थ मोठा धोरणी असला पाहिजे. घरच्या मंडळींना त्यातली पहिली तीन अक्षरे गप्प करतात आणि जाणाऱ्याला शेवटची तीन खूश करतात. आम्ही पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतले बावीस अध्यापक यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्याच्या उत्तरार्धात, दहा दिवस व्हिएतनामला जाऊन आलो ते 'झपाट्याने पुढे येणारा एक देश समजून घेणे' या उद्देशाने. तसे छापील पत्रकच होते. त्यात विद्यापीठ, औद्योगिक वसाहत, संग्रहालय, देवळे, खेडे अशी सगळी सोय होती. समजून घेण्यासाठी वेळ मात्र कुठल्याच दिवशी राखलेला नव्हता.

त्या देशात शाकाहारी माणसाचे फार हाल होतात अशी वार्ता निघण्यापूर्वीच पसरल्यामुळे आमच्या बावीस बॅगांतून एका लग्नाला पुरेल इतका चिवडा चालला होता. प्रत्यक्षात गंमत वेगळीच झाली. हॅनॉयला पहिल्या सकाळी आमच्या भूगोलाच्या बाईंनी उपाहारगृहातल्या पोऱ्याला खुणेने आणि आवाज चढवून 'चाय, चाय' असे सांगितले. तो आनंदाने मान डोलवून आत गेला आणि वाफाळलेला भात, सोयाबीनचे पनीर आणि उकडलेला पाला घेऊन आला! त्यांच्या भाषेत 'चाय' म्हणजे निरामिष जेवण. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ बौद्ध कुटुंबांतून तेच जेवतात. पौर्णिमा पाळणारी माणसे इथेही आहेत हे कळल्यावर आमच्यातल्या दोघीतिघींना तो देश एकदम शेजारच्या आळीतला वाटू लागला. दुसरा आनंद पैशांचा. एका रुपयाला सुमारे तीनशे डाँग मिळतात, त्यामुळे शंभर रुपयांच्या कॉफीला तीस हजार मोजायचे आणि जन्मात प्रथमच लक्षाधीश होऊन रस्त्यावर यायचे!

रस्त्यावर यायचे म्हटले तरी ओलांडायचा कसा, हा प्रश्न होताच. दहा कोटींच्या या देशात सात कोटींहून अधिक मोटारसायकली नोंदलेल्या आहेत. थांबायचे नाही, पळायचे नाही, एका चालीने पुढे जात राहायचे. गाड्या आपोआप दोन्ही बाजूंनी निघून जातात. पुणेकरांना हे शिकवावे लागले नाही.

आमच्यात अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. बसमधला ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती गेला की तो परत मिळणे कठीण, पण ते सांगत ते ऐकण्यासारखे असे. १९७५ साली युद्ध संपले. पुढची दहा वर्षे रेशनच्या रांगांची आणि सामुदायिक शेतीची. भाताच्या या देशावर तांदूळ बाहेरून आणण्याची पाळी आली. डिसेंबर १९८६ मध्ये सत्तारूढ पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने 'दोइ मोइ', म्हणजे नूतनीकरणाचे, धोरण स्वीकारले. १९८८ मध्ये जमीन कसण्याचा अधिकार पुन्हा एकेका कुटुंबाकडे आला. आणि १९८९ साली त्याच देशाने सुमारे चौदा लाख टन तांदूळ परदेशी विकला. आज कॉफीच्या निर्यातीत ब्राझीलच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. १९९० च्या सुमारास तिथले दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षाही कमी होते. आज ते आपल्या दीडपटीहून अधिक आहे.

बाक निन्ह प्रांतातल्या औद्योगिक वसाहतीत आम्हांला काचेआडून काम पाहता आले. जगभर विकले जाणारे मोबाइल फोन या भागात बनतात. रांगेने बसलेल्या मुली, सगळ्या आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात शोभतील अशा वयाच्या. कामगार संघटना आहे का, असे आमच्यापैकी एकाने विचारले. "आहे ना, पक्षाची," असे उत्तर आले, आणि उत्तर देणारे गृहस्थ हसले. एकाच पक्षाचे राज्य असलेल्या देशात असे हसू वारंवार भेटते. प्रश्न संपला, असा त्याचा अर्थ.

आमची मार्गदर्शक चोवीस वर्षांची, इंग्रजीची पदवीधर मुलगी होती. पहिल्याच दिवशी तिने प्रत्येकाला त्याचे वय विचारले. भूगोलाच्या बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. पण त्या बिचारीचा इलाज नव्हता. तिच्या भाषेत सर्वांना सरसकट चालेल असे 'तुम्ही' नाही. समोरचा मोठा भाऊ आहे, धाकटी बहीण आहे, काका आहे की आजी, हे ठरल्याखेरीज वाक्यच सुरू होत नाही. आपणही परक्या बाईंना काकू म्हणतो, रिक्षावाल्याला दादा म्हणतो. पण आपला 'मी' जिथल्या तिथे राहतो. त्यांचा 'मी'सुद्धा बदलतो. आजीशी बोलताना ती मुलगी स्वतःला 'नात' म्हणते, ताईशी बोलताना 'धाकटी'. मला तिने 'को' म्हणायचे ठरवले. 'को' म्हणजे आत्या, आणि 'को' म्हणजेच शिक्षिका. वीस वर्षे नोकरी करून मला मिळालेल्या पदव्यांत ही पदवी मला सर्वांत आवडली.

तिच्याबरोबर आम्ही वान मिएउ, म्हणजे हॅनॉयचे 'साहित्यमंदिर', पाहिले. १०७० साली ते बांधले. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या असलेल्या ८२ शिला आहेत. १४४२ पासून १७७९ पर्यंतच्या राजपरीक्षांत जे उत्तीर्ण झाले त्यांची नावे त्यांवर कोरली आहेत. राजांच्या आणि सेनापतींच्या शिला मी पुष्कळ पाहिल्या होत्या. परीक्षा पास झालेल्यांच्या प्रथमच पाहिल्या. पदवीधर मुलामुलींचे घोळके तिथे छायाचित्रे काढून घेत होते. परीक्षेपूर्वी कासवाच्या डोक्यावरून हात फिरवण्याची प्रथा इतकी फोफावली की आता मध्ये कठडे घालावे लागले आहेत.

मी तिला म्हटले, "एखादे नाव वाचून दाखव." ती म्हणाली, "को, मला नाही येत. चिनी अक्षरे आहेत. आमच्यापैकी कुणालाच येत नाहीत."

मी थबकले. त्या अंगणातल्या शेकडो पदवीधरांपैकी एकालाही आपल्या पूर्वजांच्या गुणपत्रिका वाचता येत नव्हत्या! आजची त्यांची लिपी रोमन आहे. सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांनी ती घडवली. त्यांच्यापैकी अलेक्झांडर द ऱ्होड याचा कोश १६५१ साली रोमला छापला गेला. हा ऱ्होड पुढे पूर्वेला जाण्याआधी गोव्यात काही काळ राहिला होता. आणि त्याच गोव्यात, त्याच पंथाच्या फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले होते, अस्सल मराठी ओव्यांत. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेला तो माल. आपल्याकडे तो गोव्यापलीकडे फारसा गेला नाही. तिकडे फ्रेंच अमदानीत त्याने घर व्यापले. १९१९ मध्ये शेवटची राजपरीक्षा झाली आणि जुनी अक्षरे कासवांच्या पाठीवर राहिली.

संध्याकाळी परत येताना बस लाल नदीवरच्या लाँग बिएन पुलाजवळ बराच वेळ अडकली होती. फ्रेंचांनी १९०२ साली पुरा केलेला, अमेरिकन बाँबनी पुनःपुन्हा मोडलेला आणि दरवेळी जोडून घेतलेला पूल. मधून आगगाडी आणि कडेने मोटारसायकली. ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने सहज विचारले, "को, तुमची भाषा किती लोक बोलतात?"

"आठ कोटींच्या वर."

"म्हणजे आमच्याएवढीच की! मग तुमच्याकडे डॉक्टर होणारी मुले तुमच्याच भाषेत शिकत असतील?"

मी नाही म्हटले. तिला ते नीट कळले नाही, पुन्हा विचारले. वैद्यक, स्थापत्य, कायदा, पदार्थविज्ञान, सगळे ती मुले स्वभाषेत शिकतात, आणि इंग्रजी निराळी शिकतात. यात काही विशेष आहे असेच तिला वाटत नव्हते. अर्थशास्त्राच्या सरांनी मागून ध्वनिक्षेपकावर विचारले, "आपल्या बावीस जणांपैकी किती जणांची मुले मराठी शाळेत गेली?" तीन हात वर झाले. त्यांतला एक माझा होता, पण त्याची फुशारकी मारण्याजोगे काही नाही. माझी मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकली, उत्तम गुण मिळवले, आणि अकरावीत विज्ञानाच्या वर्गात पहिले सहा महिने तिने तोंड उघडले नाही. घरी येऊन ती म्हणे, "आई, मला उत्तर येतं, पण त्याचं नाव येत नाही." या दुःखावर एम. ए. ला लावलेल्या कोणत्याही ग्रंथात मला उतारा सापडला नव्हता.

त्या नावांची सोय तिकडे एका माणसाने वेळेवर केली होती. होआंग सुआन हान या गणितज्ञाने १९४२ साली शास्त्रीय संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये तो काही महिने शिक्षणमंत्री झाला. देशात जपानी फौजा, उत्तरेत दुष्काळाने लाखो माणसे मेलेली, आणि अशा वेळी या गृहस्थाने माध्यमिक शाळांतून शिक्षण स्वभाषेत देण्याचा अभ्यासक्रम आखला. पुढे २०१२ च्या जागतिक शालेय चाचणीत व्हिएतनामची मुले विज्ञानात आठवी आली. कोश आपल्याकडेही आहेत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि शासनाने छापलेले परिभाषाकोश आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. त्या कपाटाची किल्ली सध्या कुणाकडे आहे, याची चौकशी चालू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली तेव्हा आम्ही पेढे वाटले. यंदा प्रथम वर्षाच्या माझ्या वर्गात अकरा विद्यार्थी आहेत. त्यांनी लिपी टाकली आणि भाषा वर्गात ठेवली. आम्ही लिपी पाटीवर ठेवली आहे. यातले शहाणे कोण हे मला बसमध्ये ठरवता आले नाही. शिवाय तिकडेही वारे फिरते आहे. इंग्रजी ही शाळांतली दुसरी भाषा करण्याचे धोरण २०२४ मध्ये तिथल्या पक्षानेच ठरवले आहे.

मध्यंतरी आम्ही दक्षिणेकडे मी सनची शिवालये पाहून आलो. संस्कृत शिलालेख पाहून आमची मंडळी गहिवरली, 'सगळे आपलेच' असे म्हणाली, आणि पाऊस आल्यामुळे गहिवर आटोपला.

पत्रकात नसलेला कार्यक्रम शेवटच्या दिवशी झाला. ती मुलगी आम्हा पाचसहा जणांना हॅनॉयबाहेरच्या आपल्या गावी घेऊन गेली. घर तीनमजली, नवे, अरुंद. पुढे अजून भाताचा तुकडा. आजी शहाऐंशी वर्षांची. चहा, या वेळी खरा चहा, तिनेच ओतला. अक्षरे कधी शिकलात, असे मी नातीकरवी विचारले. म्हातारीला हसू आवरेना. स्वातंत्र्य पुकारल्यावर १९४५ च्या सप्टेंबरात साक्षरतेची मोहीम निघाली. ही सात वर्षांची, आणि हिची आई, दोघी एकाच कंदिलाखाली रात्रीच्या वर्गात बसत. बाजाराच्या तोंडाशी फळ्यावर अक्षर लिहिलेले असे. वाचता आले तर चांगल्या दारातून आत. नाही आले तर 'आंधळ्यांच्या दारातून', चिखलातून. आई भाजीची कावड घेऊन पुढे, मुलगी मागे. आईला अक्षर आठवले नाही की मुलगी मागून हळूच सांगे.

पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर तांबड्या-सोनेरी रंगाची एक जुनी लाकडी पाटी होती. तिच्यावर तीन चिनी अक्षरे. काय लिहिले आहे, असे मी विचारले. आजी म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना येत होते." घरातली चार माणसे रोज त्या पाटीखाली उदबत्ती लावत होती आणि कुणालाही ती वाचता येत नव्हती. नातीने फोन काढून पाटीसमोर धरला. फोनने क्षणभर विचार केला आणि सांगितले, "दुक लिऊ क्वांग". सद्गुणांचा प्रकाश वाहत राहतो, असा काहीसा अर्थ. आजी म्हणाली, "असेच काहीतरी असणार."

पण तिचा धाकटा भाऊ, सातवीतला, कोपऱ्यातून उठून आला. "क्वांग?" असे म्हणून त्याने दप्तरातून शास्त्राचे पुस्तक काढले आणि हिरव्या पानाच्या चित्राखालच्या शब्दावर बोट ठेवले. 'क्वांग हप'. प्रकाशाने जोडणे. झाडे सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात ती क्रिया. पणजोबांच्या पाटीवरचा शब्द या पोराच्या पाठ्यपुस्तकात नांदत होता, आणि ते त्या घरात कुणाला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. नात पाटीकडे आणि पुस्तकाकडे आळीपाळीने पाहत राहिली.

मुलगा मला म्हणाला, "को, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?" मी त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत 'प्रकाशसंश्लेषण' असे लिहिले आणि पहिल्या तीन अक्षरांखाली रेघ ओढून सांगितले, हा तुमचा क्वांग. त्याने तो शब्द बोटाने सावकाश गिरवला, 'श्ले'पाशी अडकला, पुन्हा मागून सुरुवात केली. आजीने चष्मा लावून वही जवळ ओढली. तोवर बाहेर बसवाल्याने दोनदा भोंगा वाजवला होता. विमान रात्रीचे होते. आम्ही उठलो तशी म्हातारीने केळ्यांचा एक अख्खा फणा माझ्या हातात दिला, आणि नको नको म्हणताना मी तिला काय म्हणायला हवे ते नातीने मला हळूच मागून सांगितले.