चौथा कप्पा

विलेपार्ले (पूर्व),
दत्तजयंतीचा दुसरा दिवस

चि. छकुली हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. प्रघात म्हणून पत्र म्हणतो. वस्तुतः ते कचेरीच्या मधल्या सुटीत फोनवर टंकून धाडलेले आठ-दहा ओळींचे निवेदन होते. परंतु त्यात एक प्रश्न आणि एक तक्रार अशा दोन बाबी तू इतक्या सरळपणे मांडल्या होत्यास की, त्यांचा निकाल चार शब्दांत लावणे मला प्रशस्त वाटले नाही. प्रश्न असा की, मँचेस्टरला जाताना तू हट्टाने बरोबर नेलेल्या आजीच्या डब्याचे खालचे तीन कप्पे पितळेचे असता वरचा चौथा तेवढा स्टीलचा का, आणि संध्याकाळी ट्राममधून घरी येताना तो असा खडखडतो का, की शेजारचे प्रवासी वळून पाहतात. तक्रार अशी की, वर्षभरात तुझे वजन सात किलोंनी वाढले. दुपारी दुकानातून सँडविच, वेफर्स आणि गोड पेय असा बांधीव संच आणून खाण्यात पैसा जातो तो जातोच, आणि चार वाजले की भूक पुन्हा उभी राहते. डबा मात्र रविवारी मैत्रिणींकडे लाडू पोचवण्यापुरता उरला आहे. तुला या दोन गोष्टी निराळ्या वाटल्या. माझ्या दप्तरी त्या एकाच प्रकरणात नोंदलेल्या आहेत.

हे प्रकरण १९६६ सालचे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि तुझे आजोबा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत हेड कारकून होते. धान्याच्या टंचाईचे ते दिवस. आदल्या वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन देशाला केले होते आणि जानेवारीत ते निवर्तल्यावरही आमच्या घरी तो सोमवार निष्ठेने पाळला जात होता. परंतु एक वार सोडला तरी सहा वार उरतात, आणि त्या सहा वारांची भरपाई कशी होत असे याचा पुरावा तुझ्या आजोबांच्या सदऱ्याच्या गुंड्या देत होत्या. त्या काळी त्यांचा डबा असा असे : तळाशी तूप माखलेल्या पाच पोळ्या, त्यावर तेलात न्हालेली बटाट्याची भाजी, त्यावर वरणभात, आणि सर्वांच्या माथ्यावर, ज्याला घरात ‘गोडाचा कप्पा’ असेच नाव पडले होते त्या चौथ्या पितळी कप्प्यात, शिरा, साखरभात किंवा काही नसेल तर मुरांबा. एवढे जेवून माणूस पुन्हा खुर्चीतच बसावयाचा. पुढे पायऱ्या चढताना धाप लागू लागली, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, क्षणभर चष्मा पुसला आणि दहा किलो वजन उतरवण्याचा हुकूम सोडला. कसे उतरवावे, हे मात्र त्यांनी तुझ्या आजीकडे सोपवले.

आता हा डबा जायचा कसा, ते तुला ठाऊक असले तरी सांगतो, कारण पुढच्या कथेची किल्ली तिथे आहे. आजोबा नवाच्या गाडीने निघत. डबा त्यांच्यामागून दहाच्या सुमारास डबेवाल्याच्या हाती पडे. मुंबईतली ही व्यवस्था १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी उभी केली आणि १९५६ मध्ये तिची रीतसर न्यास म्हणून नोंदणी झाली. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूंनी आलेली, पांढरी टोपी घालणारी, बहुधा पंढरीची वारी करणारी ही माणसे, आपापल्या मुकादमाच्या देखरेखीखाली, झाकणावरच्या रंगीत खुणांवरून डबा कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत न्यावयाचा आणि कोणत्या मजल्यावर ठेवावयाचा हे ओळखीत. परंतु लोक या कारभाराची वाखाणणी करताना बहुधा अर्ध्याच कामाची करतात. डबा वेळेवर पोचतो, हे खरे. पण त्याच दुपारी तोच डबा, त्याच खुणांच्या आधारे, उलट्या वाटेने आपल्या घरी परतही येतो. त्या खुणांत जाण्याचे ठिकाण असते तसे येण्याचेही असते.

डॉक्टरांचा हुकूम झाल्यावर तुझ्या आजीने प्रथम एक नियम घालून घेतला : वजन उतरवण्यासाठी बाजारातून एकही नवी वस्तू आणावयाची नाही. जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झालेले, महिनाअखेरीस वाण्याच्या वहीतले आकडे पगाराशी झटापट करीत असत. तेव्हा हा नियम वैराग्यातून आलेला नसून जमाखर्चातून आलेला होता. तळाच्या कप्प्यात पाच पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या दोन भाकरी आल्या. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळले आणि भाकरी सुती फडक्यात गुंडाळली तर ती दुपारी एकपर्यंत कडक होत नाही, हे तिला माहेरूनच ठाऊक होते. दुसऱ्या कप्प्यात मोड आलेल्या कडधान्याची उसळ : मटकी, मूग, चवळी, हुलगे, आळीपाळीने. मूठभर वाळली मटकी रात्री भिजत घालून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवली की वाडगा भरतो, आणि वाळल्या मटकीत वा मुगात दर शंभर ग्रॅमला तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिने असतात; म्हणजे गरिबाच्या घरातले हे धान्य पोटात सर्वांत जास्त वेळ टिकणारे निघाले. तिसऱ्या कप्प्यात पार्ल्याच्या बाजारात त्या दिवशी जी भाजी स्वस्त असेल ती. मेथी, लाल माठ, दुधी, कोबी, जे येईल ते, पण फोडणीचे तेल यापुढे पळीने न ओतता चहाच्या चमच्याने मोजून.

या चमच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मी पुढे हयातभर लेखापरीक्षण केले आणि मला आकड्यांवाचून समाधान होत नाही. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमात ९ कॅलरी असतात, पिष्टाच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमात ४. चहाचा चमचाभर तूप म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजेच ४५ कॅलरी. पाच पोळ्यांना पाच चमचे, म्हणजे २२५. महिन्याचे कचेरीचे २५ दिवस धरले तर ५,६२५. आता शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असा हिशेब तज्ज्ञ मांडतात. अर्थात शरीर हे काही सरळ कारकून नव्हे. ते खर्चात आपखुशीने काटछाट करते आणि कागदावरची बाकी प्रत्यक्षात तशीच्या तशी उतरत नाही. तरीसुद्धा केवळ पोळीवरच्या तुपाचा महिन्याचा बोजा कागदोपत्री पाऊण किलोच्या घरात जातो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. कारण ते तूप आजोबांनी कधी मागितले नव्हते, आणि काढून घेतल्यावर त्यांच्या लक्षातही आले नाही.

राहिला चौथा कप्पा. त्यातून गोडाची हकालपट्टी झाली आणि काकडी, गाजर, मुळा किंवा कोबी यांची दह्यातली कोशिंबीर त्या जागी नेमली गेली. मीठ मात्र कागदाच्या पुडीत निराळे, कारण सकाळी घातलेल्या मिठाने दुपारपर्यंत कोशिंबिरीला पाणी सुटते. पण पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. कप्पा पितळेचा, कल्हई झिजलेली, आणि आंबट दही पितळेत कळकते. रोज दही ठेवावयाचे तर कल्हईवाल्याला घरीच बिऱ्हाड द्यावे लागले असते. नवी वस्तू विकत आणावयाची नाही, हा नियम होताच. अशा वेळी दारात बोहारीण आली. तिच्या पाटीत जवळपास त्याच घेराचा एक स्टीलचा कप्पा होता, कुणाच्या तरी मोडलेल्या डब्यातला. आजीने घरातले जुने कपडे पुढे टाकले. बोहारीण नाक मुरडीत राहिली. शेवटी आजीने कपाटातून आजोबांचा लोकरी कोट काढला. तो त्यांनी नोकरीत कायम झाल्यावर हौसेने शिवला होता, आणि आता त्याची एकही गुंडी लागत नव्हती. कोट गेला, कप्पा आला. पैसा एकही खर्च न झाल्याने नियमभंग झाला नाही. कप्पा किंचित सैल बसतो हे तिने तिथल्या तिथे पाहिले होते, पण सौदा मोडला नाही.

वजनाची नोंद ठेवण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घेतले. त्या काळी रेल्वे स्टेशनांवर रंगीत दिवे लागणारी, चाक फिरवणारी वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की एका बाजूला वजन आणि एका बाजूला भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडे. महिन्याच्या पहिल्या तारखेला चर्चगेटवर वजन करावयाचे आणि तिकीट घरी आणून ठेवावयाचे, असा शिरस्ता पडला. पहिले तिकीट ८२ किलोंचे. महिन्याभराने ८१. त्यापुढच्या महिन्याचे ८० आणि तिसऱ्या महिन्याचेही ८०.

परत आलेला डबा उघडून पाहण्याचे काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे असे. माझ्या लेखापरीक्षणाच्या नोकरीला, म्हणशील तर, तिथेच आरंभ झाला. त्या महिन्यात सलग चार दिवस उसळ आणि कोशिंबीर संपलेली, आणि फडक्यात एक भाकरी व्यवस्थित घडी घालून ठेवलेली, अशी नोंद मी आजीला दिली. आजोबा म्हणाले, भूक नव्हती. आजीने त्यांच्याकडे पाहिले नाही, परातीतले पीठ मळता मळता ती एवढेच म्हणाली, “चारला दुसरी सोय असल्यावाचून एक वाजता कुणी भाकरी मागे ठेवीत नाही.” सोय होती. कचेरीखालच्या फरसाणवाल्याचे दोन बटाटेवडे आणि गोड चहा. दुसऱ्या दिवसापासून डब्यात एकच भाकरी गेली, आणि सकाळी निघताना आजोबांच्या खिशात फुटाण्यांची एक पुडी. तिने बटाटेवड्याला शिव्या दिल्या नाहीत, आजोबांच्या संयमाची परीक्षाही घेतली नाही. चार वाजताची भूक ही वस्तुस्थिती आहे, असे मान्य करून तिने तिची वेगळी तजवीज केली. पुढचे तिकीट ७९ चे निघाले, आणि वर्ष संपता संपता ७३ चे.

आता तुझ्याविषयी. तिथे भारतीय दुकानात ज्वारीचे पीठ मिळते. न मिळाले तर तुपावाचून दोन पोळ्या पुरेत. मसूर भिजवावी लागत नाही आणि लवकर शिजते. गाजर आणि कोबी तिथल्या हिवाळ्यात स्वस्त असतात. रविवारी संध्याकाळी दोन प्रकारची उसळ तीन दिवस पुरेल एवढी कर, निवताच शीतकपाटात ठेव. भात केलास तर तो रात्रभर ओट्यावर राहू देऊ नकोस. दही निराळे, मीठ निराळे. टेबलाच्या खणात फुटाण्यांची बरणी असू दे. वजन कमी करण्याच्या नावाने विकली जाणारी महागडी चूर्णे आणू नकोस, आणि वजन महिन्यातून एकदाच कर, कारण रोजचा आकडा शरीरातल्या पाण्याबरोबर वरखाली होतो आणि मनाला उगाच छळतो. महिन्याला एक किलो हा वेग तुझ्या आजोबांना पुरला होता. चक्कर, थकवा असे काही वाटले तर माझ्या पत्रावर न विसंबता डॉक्टरांकडे जा.

एक गोष्ट मात्र तुला तिथे मिळणार नाही. तुझा डबा तूच नेतेस आणि तूच आणतेस. तो उघडून पाहणारे, भाकरी का उरली हे विचारणारे कुणी नाही. म्हणून रात्री तो घासावयास टाकण्यापूर्वी क्षणभर उघडून बघत जा. काय उरले, आणि ते का उरले, एवढाच प्रश्न. डबा कसा भरावा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. परत आलेल्या डब्याकडे पाहण्याची रीत मला तुझ्या आजीवाचून कुणी शिकवली नाही.

कोटाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. त्यानंतरच्या हिवाळ्यात आजोबांच्या धाकट्या भावाचे लग्न निघाले; कोट लागणार होता, आणि बोहारणीच्या गाठोड्यात गेलेला कोट आता त्यांना बेतशीर आला असता. नवा शिवावा लागला. शिंप्याचे बिल चुकते करून घरी आल्यावर आजोबा म्हणाले, आयुष्यात इतकी महाग कोशिंबीर कधी खाल्ली नव्हती. गोडाचा तो पितळी कप्पा अजून माझ्या कपाटात आहे. त्यात ती तिकिटे आहेत. छापलेली भविष्ये बहुतेक पुसली गेली आहेत, वजनाचे आकडे मात्र वाचता येतात.

आणि खडखडाट. तो कप्पा भरलेला असला की जड होऊन दबून बसतो. रिकामा झाला की सैल होऊन वाजतो. डबेवाला जिना चढू लागला की स्वयंपाकघरात बसल्या बसल्या आजीला तो आवाज ऐकू येई, आणि मी डबा उघडण्यापूर्वीच तिला पोच मिळालेली असे. तेव्हा कुणा कारागिराकडून तो घट्ट करून घेऊ नकोस. ट्राममधल्या मंडळींना वळून पाहू दे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका