‘आधी सलाइन लावा, सायेब!’

संपादकांचा फोन आला तेव्हा लेखाचा आराखडा त्यांच्या डोक्यात तयार होता. सणासुदीच्या प्रवासात प्रकृती कशी जपावी, यावर दहा सूचना. भाषा सोपी, डॉक्टरकी नको. सूचना देऊन टाकतो. बीपी-शुगरच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा. गाडी जेवायला वेळेवर थांबेल या भरवशावर इन्सुलिन टोचून घेऊ नका. ढाब्यावरची उघडी चटणी आणि चिरून ठेवलेली काकडी सोडा, तव्यावरून समोर उतरलेलं खा. वाटेत धड संडास-मुतारी नाही म्हणून बायका सकाळपासून पाणी तोडतात आणि भाऊबीजेला लघवीच्या जळजळीने माहेर गाठतात. ‘पाणी प्या’ हे सांगणं माझं काम. स्वच्छ मुतारी बांधणं कोणाचं, ते ज्याने त्याने ओळखावं.

उरलेला लेख मी एकाच विषयावर खर्च करणार आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, परभणीत दवाखाना आहे. गेल्या दिवाळीतलं एक पोर अजून डोक्यातून जात नाही.

आईवडील चाकणला नोकरीला, आजोळ मानवत तालुक्यात. पोर दीड वर्षाचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये नगर सोडल्यावर जुलाब सुरू झाले. बापाने जेवणाच्या थांब्यावरून सफरचंदाचं चित्र असलेली दोन खोकी घेतली. त्यावर ठळक अक्षरं होती : ओआरएस. आईने पाथरी येईपर्यंत दोन्ही पाजली आणि जुलाब वाढत गेले. माझ्यासमोर आलं तेव्हा डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. पण चमचा ओठाला लावला की अधाशासारखं ओढत होतं. हे शेवटचं लक्षण आमच्या लेखी फार मोलाचं. पिणाऱ्या पोराला बहुधा सुई लागत नाही. आजी मात्र दारातूनच म्हणाली, “आधी सलाइन लावा, सायेब!”

मी ओआरएसचं खरं पाकीट फोडलं. अशा वेळी किलोला ७५ मिली, चार तासांत, चमच्या-चमच्याने द्यायचं असतं. पोर दहा किलोचं, म्हणजे पाऊण लिटर. आईने ते बसून पाजलं, आजी फुगून बसली. दुपारी पोराने लघवी केली तेव्हा मी निर्धास्त झालो. आजी झाली नाही. तिच्या मते डॉक्टरने काहीच केलं नव्हतं.

आता थोडी डॉक्टरकी होणारच. संपादकांनी माफ करावं. जुलाबात पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पाजलं तर आजारी आतडं ते नीट शोषत नाही. पण आतड्याच्या पेशींवर एक दार असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज बरोबर आले तरच उघडतं. उसाच्या फडात मुकादम एकट्याला उचल देत नाही, जोडी लागते आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. इथलाही कायदा तोच. जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. कॉलऱ्यातसुद्धा हे दार शाबूत राहतं, म्हणून तर ही सगळी करामत शक्य झाली.

साखर मात्र बेताची हवी. एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९, एकूण साडेवीस ग्रॅम. हे जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र. या द्रावणाची तीव्रता २४५ येते, रक्ताची साधारण २९०. कोल्ड्रिंक आणि डबाबंद रसाची सहाशेच्या पुढे. इतकं गोड पाणी आतड्यात उतरलं की ते शरीरातलंच पाणी आपल्याकडे ओढतं आणि जुलाब वाढतात. त्या खोक्यांमध्ये शंभर मिलीला दहा ग्रॅमच्या आसपास साखर होती. खऱ्या ओआरएसमध्ये दीड ग्रॅमसुद्धा नसते.

गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस छापण्याचा हा विषय हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी सात-आठ वर्षं लावून धरला. ‘हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र नाही’ अशी तळटीप छापली तर नावात ओआरएस ही अक्षरं चालतील, अशी मुभा अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच २०२२ मध्ये दिली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ती काढून घेतली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण त्या महिनाअखेरीस न्यायालयाने बंदीत हात घालायला नकार दिला. तोवर दुकानांत जुना माल होताच. रात्री दीड वाजता थांब्यावरच्या मिणमिणत्या उजेडात कडेवर रडतं पोर घेऊन तळटीप कोण वाचणार होतं? ही मुभा देणाऱ्यांनी कधी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने प्रवास केला असेल, असं मला वाटत नाही.

सगळा दोष कंपन्यांवर ढकलून भागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या एकादशीच्या फराळातून शेकड्यांनी माणसं आजारी पडली. जागा अपुरी म्हणून दोऱ्या बांधून, त्यांना बाटल्या लटकवून उघड्यावर सलाइन लावावी लागली. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. इतकी माणसं एकदम आली की हाताला येईल ते करावं लागतं. पण टीव्हीवरून घरोघरी पोचलं ते दोरीवरच्या बाटल्यांचं चित्र, आणि उपचार म्हणजे सलाइन हा समज आणखी घट्ट झाला.

खरं तर उलटं चित्रही इतिहासात आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाइनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपात द्रावण केलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने सोडियम-ग्लुकोजच्या जोडीच्या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. माझ्या शास्त्रात मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो याच पुडीचा. पण ती मिळते वीस-पंचवीस रुपयांत आणि आशाताईकडे फुकट, हाच तिचा गुन्हा! स्वस्त औषधाने गुण येतो यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. सलाइन नाकारली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, तिथे बाटली लागते, पोर बरं होतं आणि श्रेय बाटलीला जातं. रोज हेच समजावताना कधी कधी वाटतं, आपण हरलेली लढाई लढतोय.

तरीही कृती लिहितो. पाण्याची सीलबंद बाटली एक लिटरची असते, प्रवासात याहून चांगलं माप नाही. मोठं, एक लिटरचं पाकीट पूर्ण बाटलीत टाका. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट कालवू नका, ते मीठ पोराला भोवतं. अर्धं आता, अर्धं मग, असंही नको. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला त्याच्या दुप्पट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्याने. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध, वरण-भात चालू ठेवा. झिंकची गोळी डॉक्टरांना विचारून १४ दिवस. जुलाब एकदम थांबवणारी गोळी मुलांना देऊ नका. पोर पेंगतंय, पीतच नाही, सहा-आठ तास लघवी नाही, शीतून रक्त पडतंय, तर मात्र सूचना वाचत बसू नका, दवाखाना गाठा. तिथे सलाइन लागली तर ती योग्यच.

शेवटचं बोलणं पुण्याहून गावी येणाऱ्यांसाठी नाही. दिवाळी उरकली की गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. संसार, कोंबड्या आणि तान्ही लेकरं एकाच ट्रॉलीत. सणासुदीचा सर्वांत खडतर प्रवास तो, आणि दिवाळी अंक त्यांच्या हाती पडत नाही. वाचक गावचा सरपंच असेल, गुरुजी असेल, मुकादम असेल, त्याला माझी विनंती : ट्रॅक्टर हलण्याआधी आशाताईला बोलवा, लेकरागणिक ओआरएसची पाकिटं आणि लसीचं कार्ड आईच्या हाती द्या. ते कार्ड कोणत्याही सरकारी उपकेंद्रात चालतं, आणि पाकिटाला तर काही मोल पडत नाही.