उशिराचे ठोके

स्वस्त वस्तूंवर माणसाचा जीव इतका कां जडतो, याचा उलगडा मला अजून झालेला नाहीं. पंचवीस पौंडांच्या आंत मिळालेला, पत्त्यांच्या जोडापेक्षां थोडा जाड असा एक डिजिटल रेडिओ सध्यां माझा सोबती आहे. लंडनच्या ज्या कचेरींत मी दिवसभर बेरजा जुळवतों, तेथें तो मेजावर असतो आणि घरीं चालत जातांना खिशांत. कानांत घालावयाची तारच त्याच्या एरियलचें काम करते. म्हणून मान जरा वळवली कीं व्हायोलिन गडप! शेजारच्या मंडळींना मी मान ताठ ठेवून काम करणारा मोठा निष्ठावंत गृहस्थ वाटत असलों, तर त्याचें श्रेय या तारेला आहे.

माझ्या वडिलांचा मिरजेचा रेडिओ वेगळा होता. तो खरखरे, रुसे. रात्रीं दूरचें स्टेशन लावलें कीं आवाज लाटेसारखा चढे आणि ओसरे. जाणार असला तर तशी आधीं सूचना देई. या नव्या सोबत्याला तो शिष्टाचार ठाऊक नाहीं. ग्रिनिचहून थेम्स नदीच्या तळाखालून पलीकडे जाणारा, १९०२ सालीं बांधलेला पादचाऱ्यांचा बोगदा मला रोज ओलांडावा लागतो. जिना उतरूं लागलें कीं बातम्या देणारी बाई एखाद-दुसरा बुडबुडा सोडते आणि नाहींशी होते. मग पलीकडच्या जिन्यापर्यंत केवळ पावलांचा आवाज.

बी. बी. सी.नें ही प्रक्षेपणपद्धति १९९५ सालीं सुरू केली. हिच्यांत आवाजाचे आंकडे करतात, ते दाबून लहान करतात, आणि वाटेंत कांहीं गळाले तरी भरून काढतां यावेत म्हणून मागेंपुढें विखरून पाठवतात. माझ्या खिशांतलें यंत्र ते गोळा करून पुन्हां आवाज घडवतें. या खटाटोपांत दोन-तीन सेकंद सहज जातात. एकदां दुपारीं मी ग्रिनिचच्या वेधशाळेसमोर उभा होतों. नदींतल्या खलाशांना घड्याळें लावतां यावींत म्हणून १८३३ सालीं तेथें जो गोळा बसविण्यांत आला, तो बरोबर एक वाजतां खालीं घसरला. आणि ग्रिनिचच्या वेळेच्या सहा ठोक्यांतला शेवटचा, लांब ठोका माझ्या कानांत त्यानंतर सावकाश पडला. ग्रिनिचलाच उभें राहून ग्रिनिचची वेळ उशिरा कळावी!

मला हंसूं आलें. पण घरीं जातांना तें राहून राहून टोंचूं लागलें. उशीर झाला याचें कांहीं नव्हे. तो ऐकूं येत नाहीं, हें मला बरें वाटेना. वडिलांच्या रेडिओंत दूरचें स्टेशन दूरचेंच वाटे. मधला समुद्र त्या खरखरींत ऐकूं येई. आतां मिरजेहून आईचा आवाज फोनवर असा स्वच्छ येतो, जणुं ती पलीकडच्या खोलींतून बोलते आहे. आणि तिला पाहिल्याला तीन वर्षें होऊन गेलीं, हें बोलतांना माझ्या ध्यानींही येत नाहीं. उन्हाळ्यांत साडेचार आणि हिवाळ्यांत साडेपांच तास, हा हिशेब मला पाठ आहे. तरी दर रविवारीं मी तिला विचारतोंच, "आई, तिकडे किती वाजले?" आणि ती स्वयंपाकघरांतलें, मुद्दाम दहा मिनिटें पुढें ठेवलेलें घड्याळ पाहून सांगते.