नाव कुणाचं लावायचं?

‘टीम एफर्ट’ हा शब्द आपल्या ऑफिसात कधी ऐकू येतो, आठवून बघा. प्रोजेक्ट आपटलं की हमखास! जमलं तर मात्र प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर एकच नाव झळकतं. त्यामुळे ‘कोलॅबरेटिव्ह आर्ट’ म्हटलं की माझ्यातला नोकरदार लगेच सावध होतो. सगळ्यांनी मिळून केलं? छानच. पण नाव कुणाचं? आणि चेक कुणाच्या नावाने?

या प्रश्नाचं मला बऱ्यापैकी पटलेलं उत्तर भायखळ्यात मिळालं. राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०१५ मध्ये ‘कंट्री ऑफ द सी’ हे प्रदर्शन लागलं होतं. ते केलं होतं ‘कॅम्प’ने. शैना आनंद, संजय भांगर आणि अशोक सुकुमारन यांनी २००७ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा स्टुडिओ. गंमत म्हणजे ‘कॅम्प’ला ठरलेला फुलफॉर्मच नाही!

प्रदर्शनामागे त्यांचं काही वर्षांचं काम होतं. विषय, अरबी समुद्र आणि त्यावर फिरणारी लाकडी गलबतं. ही गलबतं कच्छमधल्या मांडवीसारख्या बंदरांत बांधली जातात आणि आखातातून पार सोमालियापर्यंत माल पोचवतात. त्यांवरच्या खलाशांकडे मोबाइल आले, तसे ते शूटिंग करू लागले. माल चढवताना, स्वयंपाक करताना, शेजारून दुसरं गलबत चाललेलं असताना. मग त्या क्लिपवर आवडीचं गाणं चढवायचं आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवून द्यायची. अगदी आपण करतो तस्संच की!

‘कॅम्प’ने कच्छ, सिंध, बलुचिस्तान आणि दक्षिण इराणच्या खलाशांच्या अशा क्लिप जमवल्या आणि त्यातून ८३ मिनिटांची फिल्म केली. ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’, साल २०१३. चित्र कुठे धूसर, कुठे हलणारं. आणि खलाशांनी चढवलेली गाणी? ती तशीच ठेवली.

मला सगळ्यात आवडलं ते हेच. आमच्याकडे एखाद्या सीनियरच्या हाती ही फाइल पडली असती, तर पहिला शेरा आला असता, ‘गाणी काढा, प्रोफेशनल वाटत नाही.’ मग एखादं गंभीर पार्श्वसंगीत आलं असतं. खलाशांनी शूट केलेलं राहिलं असतं, त्यांची आवड मात्र गेली असती. म्हणजे त्यांचं काम उरलं असतं ‘कच्चा माल’ म्हणून.

हिशेब इथे पूर्ण बरोबरीत सुटतो, असं मी म्हणणार नाही. निमंत्रणं स्टुडिओला येतात, खलाशी असतो भर समुद्रात. क्लिप निवडणं, जोडणं हेही मेहनतीचंच काम, आणि ते ‘कॅम्प’ने केलंय. पण शेवटी नावांची यादी लावणं सोपं असतं. दुसऱ्याने घेतलेला एखादा निर्णय आपल्या फायनल कॉपीत जसाच्या तसा ठेवणं, हे खरं कठीण. सोबत काम केलं म्हणायचं, तर एवढं तरी हवंच.

प्रदर्शनाची जागाही बोलकी होती. हे संग्रहालय १८७२ पासूनचं. तिथल्या काचेच्या कपाटांत मातीच्या सुबक प्रतिकृती आहेत. त्या बघताना मन हरखून जातं आणि मग वाटतं, हे हात कुणाचे होते बरं?

तेव्हा पुढच्या वीकेण्डला काळा घोड्याला किंवा तुमच्या शहरातल्या एखाद्या गॅलरीत गेलात आणि कार्डावर ‘सामूहिक निर्मिती’ दिसलं, तर माना डोलावून पुढे सरकू नका. थोडं थांबा. यात कुणाचं काय राहिलंय, कुणाचं काय कापलं गेलंय, ते शोधा. गॅलरीतल्या माणसाला सरळ विचारा. बिनधास्त! आणि सोमवारी ज्युनिअरच्या ड्राफ्टवर लाल पेन चालवण्याआधी त्यातलं एखादं ‘गाणं’ राहू द्या.